गावी ये, पण एकटी येऊ नकोस

पत्र थोडक्यात असं :

‘मॅडम, मी देवगड तालुक्यातली. मुंबईच्या सरकारी कॉलेजात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.एस. करते आहे, शेवटचं वर्ष आहे. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी जामसंड्याला रस्त्यालगत चार गुंठे जागा घेऊन ठेवलीय आणि येईल त्याला “इथे लेकीचं हॉस्पिटल” म्हणून दाखवतात. दुसरीकडे नवी मुंबईच्या एका खाजगी हॉस्पिटलने बोलावलंय, पगार चांगला आहे. सीनियर म्हणतात, कोकणात आता बाळंतपणंच उरली नाहीत, आणि एक बाई दगावली की लोक हॉस्पिटल फोडतात. लग्न ठरलंय. तो पनवेलला नोकरीला आहे, “तू ठरव” म्हणतो. मनातून मला गावीच यायचंय. पण रात्री दोन वाजता एकटीने पीपीएच सांभाळायचं, या विचाराने झोप उडते. यावं का? (नाव छापू नये.)’

डॉक्टर, तुला अगं-तुगं करते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. उत्तर आधी देते, कारणं मागाहून. गावी ये. पण बाबांच्या त्या चार गुंठ्यांवर इतक्यात पायाचा दगडही ठेवू देऊ नकोस.

पीपीएचच्या धास्तीने झोप उडते म्हणतेस. उडू दे. ज्या डॉक्टरची ती कधीच उडत नाही, तिच्याकडे मी माझ्या सुनेला बाळंतपणाला पाठवणार नाही. इतर वाचकांसाठी सांगते : पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव, अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक. जगभर बाळंतिणी दगावण्याचं सगळ्यांत मोठं कारण तेच. त्यातही वाईट असं की तो कुणाला होईल हे आधी छातीठोक सांगता येत नाही. नऊ महिने सगळं सुरळीत गेलेल्या बाईलाही होतो.

आता तुझ्या त्या रात्रीचा विचार जरा जवळ जाऊन करू. बाळ रडलं, वार पडली, बाहेर सासूने मुंबईला फोन लावायला सुरुवात केली. सिस्टर पोटावर हात ठेवते आणि म्हणते, ‘मॅडम, पिशवी मऊ लागते.’ भरल्या दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त येत असतं. पिशवी आवळली की तिचे स्नायूच रक्तवाहिन्या चिमटून बंद करतात. आवळली नाही तर काय होतं ते तू पाहिलेलं आहेस. पुढचं तुला पाठ आहे : पिशवी चोळायची, पिशवी आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचं ड्रिप, दोन्ही हातांना जाड सुया, रक्तस्राव आवरायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम, बीपी नसेल तर मेथर्जिन, दमा नसेल तर कार्बोप्रोस्ट, लघवीची नळी. तरीही थांबत नसेल तर एक मूठ आतून, दुसरा हात पोटावरून, आणि दोन्हींच्या मधे पिशवी दाबून धरायची.

इथे तुझे दोन्ही हात संपले.

आता दुसरं सलाईन कोण लावणार? फ्रिजमधून इंजेक्शन कोण काढणार? बीपी कोण बघणार? रक्ताचा नमुना घेऊन कोण पळणार, आणि बाहेर ज्यांना अजून काहीच कळलेलं नाही त्यांच्याशी कोण बोलणार? कॉलेजात त्या क्षणी तुझ्या बाजूला ज्युनियर असते, दोन सिस्टर असतात, भूलतज्ज्ञ एका हाकेवर, रक्तपेढी त्याच आवारात. तुला वाटतं पीपीएच तू सांभाळलास. खरं म्हणजे तो आठ-दहा हातांनी सांभाळलेला असतो. तालुक्याच्या गावी तुझ्या स्वतःच्या हॉस्पिटलात रात्री तू, एक सिस्टर आणि एक मावशी. तुझं ज्ञान तेवढंच राहील, हात कमी पडतील. म्हणून तुझी भीती ही तुझ्या हिमतीची उणीव मानू नकोस. ती परिस्थितीची अचूक नोंद आहे आणि तिच्यावर उपाय आहे.

उपाय असा, की जिथून भूलतज्ज्ञ आणि रक्त ही दोन्ही अर्ध्या तासात तुझ्या टेबलापाशी पोहोचतील, तिथेच बाळंतपणं कर. जागा आपल्या मालकीची आहे, गाव आपलं आहे, लोक ओळखीचे आहेत, हे सगळं त्याच्यानंतर. तुझ्या जिल्ह्यात हे गणित महामार्गाच्या पट्ट्यात जुळतं : कणकवली, ओरोस, कुडाळ. रक्तपेढी ओरोसला जिल्हा रुग्णालयात. देवगडहून कणकवली गाठायलाच तास-सव्वा तास, तोही रस्ता बरा असेल तर. त्याहून मोठ्या सोयीची गरज पडली तर सावंतवाडीकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात, कणकवलीकडचे घाट चढून कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात. जुलैत दरड आली की फोंडा, करूळ, भुईबावडा यांतला कुठला घाट चालू आहे ते आधी विचारावं लागतं. माझ्या रत्नागिरी जिल्ह्यातही तेच आहे. धोपाव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे दाभोळ समोर दिसतं, पण अपरात्री फेरीबोट नसते, आणि रस्त्याने खाडीला वळसा घालायचा तर कळा देणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते अंतर फार होतं. समुद्रकाठच्या प्रत्येक तालुक्याला अशी एखादी खाडी नाहीतर घाट नशिबी आहेच.

तेव्हा दोन-तीन स्त्रीरोगतज्ज्ञ, एक भूलतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ मिळून कणकवली किंवा कुडाळला एका छपराखाली या. तीन जणी असाल तर तिसरी रात्र तुझी. बाकीच्या दोन रात्री झोप मिळेल आणि कठीण वेळी दुसरी डॉक्टर पाच मिनिटांत येईल. आमच्या पिढीत नवरा-बायको दोघं डॉक्टर, वर घर खाली हॉस्पिटल, अशी पद्धत होती. त्या लोकांनी कोकणात फार मोठं काम केलं, त्यांचे उपकार कधी फिटायचे नाहीत. पण त्या घरांतल्या बाईंनी किती सण हातात मोजे घालून काढले आणि किती जणींची पाठ आणि साखर पन्नाशीतच गेली, हे मी जवळून पाहिलंय. तुझ्याकडून मला ते नकोय.

आणि बाबांची जागा? तिथे दोन खोल्या बांध. एक तपासणीची, एक बसायची. आठवड्यातले दोन दिवस तिथे ओपीडी ठेव. देवगड, जामसंडे, मिठबाव, कुणकेश्वर, विजयदुर्गकडच्या गरोदर बायका तुला तिथेच भेटू देत. बाळंतपण मात्र कणकवलीला, आणि लांबच्या वाडीतल्या किंवा आधी सिझर झालेल्या बाईने तारखेच्या आठवडाभर आधी तिथल्या नातेवाइकाकडे येऊन राहायचं, हे पाचव्या महिन्यातच घरच्यांशी बोलून ठरवायचं. पाटी लेकीच्या नावाची लागली की बाबांचं समाधान होईल. त्यांना आठ खाटा हव्यात असं मला वाटत नाही, तू हवी आहेस.

त्या पाचव्या महिन्याच्या ओपीडीत तुझं खरं प्रसूतिशास्त्र होणार आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पंचेचाळीस किलोची बाई, हिमोग्लोबिन सात. दुसऱ्या बाईला अर्धा लिटर गेलं तर ती फिकी पडते, ही कोसळते. गोळ्या घेतल्या का म्हणून विचारलंस तर सगळ्याच ‘हो’ म्हणतात. शौचाला काळी होते का, असं विचार, मग खरं कळतं. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह दे, वेळेत दे. सहाव्या महिन्यात दिलेल्या त्या सलाईनने रात्री दोन वाजताचं तुझं काम निम्मं हलकं होतं. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं आणि मिरगाच्या पहिल्या वाऱ्यात आपल्याकडे लाइट जाते, हेही ध्यानात असू दे. इन्व्हर्टरवर एसीच्या आधी औषधाचा फ्रिज जोड. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत गेलं तर बाई वाचण्याची शक्यता वाढते, हे 2017 च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवलं. तेव्हा दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवायची वेळ आलीच तर ते देऊन, लिहून, मगच गाडीत घाल. 108 मध्ये कुणीतरी शिकलेलं माणूस बाईबरोबर बसलं पाहिजे.

महाराष्ट्राचं माता मृत्यूचं प्रमाण 2018-20 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 33 होतं, देशाचं 97, केरळचं 19. हा 33 चा आकडा आशाताई, एएनएम म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाई, उपकेंद्र, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, लेबर रूमची सिस्टर अशा माणसांनी मिळून खाली आणलाय. गावी आलीस की पहिल्या महिन्यात त्यांच्याकडे स्वतः जा, ओळख कर, नंबर दे. कुठल्या वाडीतल्या बाईची सासू तिला दवाखान्यात पाठवत नाही, हे आशाताईला ठाऊक असतं. आपल्याला नसतं.

आता तुझ्या सीनियरचं म्हणणं. बाळंतपणं कमी झालीत, हे खरं आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. देशात वाढ चालू असताना इथे घट. पण 2011 च्या त्याच जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, सिंधुदुर्गात 1036. पुरुष मुंबईला, बायका घरी, शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि देवाधर्माचं बघायला. मग कोकणात स्त्रीरोगतज्ज्ञाला काम नाही असं कसं म्हणता येईल? स्त्रीरोग आणि प्रसूती अशा दोन विषयांची तुझी पदवी आहे, आणि इथे पहिल्याची गरज दुसऱ्याहून मोठी होत चाललीय.

एक पेशंट सांगते, म्हणजे कळेल. साठी उलटलेली बाई, सुनेबरोबर आलेली. बीपी तपासलं, गोळ्या लिहिल्या. सून बाहेर गेली, बाई उठली, दारापर्यंत गेली, दाराला हात लावून थांबली आणि खाली बघत म्हणाली, ‘बाई, आनि एक सांगूचा होता.’ अंग बाहेर येत होतं. केव्हापासून? धाकटा झाला तेव्हापासून. धाकट्याला आता मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या असतील. लावणीत वाकलं की येतं, डोक्यावर भारा घेतला की येतं. लघवी व्हावी म्हणून दर वेळी बोटाने आत सारावं लागतं. कापडाची घडी लावून, वर घट्ट बांधून ती कित्येक वर्षं मळ्यांतून हिंडली होती, आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तपासलं तर पिशवीचं तोंड पूर्ण बाहेर, घासून घासून त्यावर जखम झालेली. तिला ऑपरेशन नको होतं. आधी जखम भरून घेतली, मग मापाची सिलिकॉनची रिंग बसवली. दहा मिनिटांचं काम. पुढच्या वेळी आली ती एकटी, एसटीने, आणि पहिलं काय सांगितलं तर मध्ये कुठेही न थांबता लघवीला एका बैठकीत होते.

अशा बायका वाडीवाडीत आहेत. म्हणून राहिलेल्या महिन्यांत एक काम कर. लॅपरोस्कोपीच्या फेलोशिपचे फॉर्म भरायला पुढे वर्षं आहेत. तू सध्या खालच्या बाजूने करायच्या ऑपरेशनांवर हात बसव. योनीमार्गे पिशवी काढणं, पुढची-मागची दुरुस्ती, टाका धरून ठेवणारे अस्थिबंध नीट ओळखणं. ही विद्या आपल्या मुंबईच्या कॉलेजांतल्या जुन्या शिक्षकांकडे अजून आहे. ते निवृत्त झाले की व्हिडिओ बघून ती येत नाही. तू रोज ज्यांच्या नावाचा टाका घेतेस ते विठ्ठल नागेश शिरोडकर याच किनारपट्टीचे, गोव्यातल्या शिरोड्याचे. चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ जाणाऱ्या बायका बघून त्यांनी गर्भाशयाच्या तोंडाला तो टाका बसवला, 1955 मध्ये तो जगापुढे मांडला. खाली उतरलेली पिशवी वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांचं नाव आहे. त्यांनी आयुष्यभर काम मुंबईत केलं. मुंबईत राहणं हा काही गुन्हा नाही, हेही यानिमित्ताने तुला सांगून ठेवते. राहायचं ठरवलंस तरी माझा रोष नाही.

कर्करोगाचं बघ. गर्भाशयमुखाचा कर्करोग अगदी साध्या तपासणीत आधीच्या पायरीवर सापडतो. आपल्याच राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, हजारो खेडुत बायकांवर झालेल्या अभ्यासाने 2009 मध्ये दाखवून दिलं, की आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी झाली तरी त्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होतात. तुझ्या दोन खोल्यांत पाच टक्के ॲसेटिक ॲसिड, कापूस आणि चांगला दिवा एवढ्यावर तपासणी सुरू करता येईल. मुलींसाठी या विषाणूवरची लस आता आपल्या पुण्यात बनते. बाबा शिक्षक होते, जुने विद्यार्थी शाळाशाळांत मास्तर असतील. नऊ ते चौदा वयाच्या मुलींच्या आईबापांशी बोलायला त्यांच्याइतकं योग्य माणूस तुला सापडणार नाही, त्यांना या कामाला लाव. आणि पाळी जाऊन वर्षं लोटलेली बाई ‘पाळी परत आली’ म्हणत आली तर तिला मोकळ्या हाताने परत पाठवू नकोस. आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठव.

पिशवी काढण्याबद्दल थोडं कडक बोलते. पांढरं जातं, कंबर दुखते, म्हणून पिशवी काढली, अशा चाळिशीच्या आतल्या बायका तुला इथेही भेटतील. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण 2019 मध्ये चौकशी समितीपर्यंत गेलं ते आठव. पाळीला जास्त जात असेल तर आधी गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे. काढणं खरंच गरजेचं असेल तर तिला स्वतःला, तिच्या भाषेत, नवरा-सासू बाहेर बसवून सांग. 2008 च्या समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं : बाई सज्ञान आणि शुद्धीवर येणार असेल, तर पिशवी काढायला तिच्या आईची संमती चालत नाही. मुंबईहून नवऱ्याने फोनवर ‘काढून टाका’ म्हटलं, तर ते त्याहून कमी चालेल.

इथल्या काही गोष्टी कुठल्या पुस्तकात नाहीत, त्या पटकन सांगते. गणपतीत कोकण रेल्वेने सातव्या-आठव्या महिन्याच्या सुना येतात आणि फाईल डोंबिवलीच्या कपाटात राहते. ओपीडीत पाटीच लाव : फाईलचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. लावणीच्या दिवसांत गरोदर बाई ताप घेऊन आली, डोळे पिवळे, प्लेटलेट कमी, तर तुझं मन हेल्प सिंड्रोमकडे, म्हणजे गरोदरपणातच यकृत आणि रक्त बिघडवणाऱ्या आजाराकडे धावेल. चिखलात उभी होती का, पायाला जखम आहे का, हे विचार. लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा उंदरांचा ताप असू शकतो, आणि तिथे बाळंतपण उरकणं हा उपचार नव्हे. दोडामार्गकडची असेल आणि थंडी-उन्हाळ्याचे दिवस असतील तर माकडतापही डोक्यात ठेव.

आणखी एक. आपल्या गावात डॉक्टर होणं म्हणजे प्रतीक्षेच्या बाकावर आत्या, मावशी, शाळेतली मैत्रीण आणि चुलत वहिनी. तुझी रिसेप्शनिस्ट कुणाच्या तरी वाडीतलीच असणार. एखादी मुलगी पाळी चुकली म्हणून आली तर तिचं नाव बाहेर मोठ्याने पुकारलं जाणार नाही, रजिस्टर उघडं राहणार नाही, कागद कुलपात जातील, याची शिस्त पहिल्या दिवसापासून लाव. गर्भपाताच्या कायद्यात 2021 ला दुरुस्ती झाली. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 मध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांचं. अविवाहित मुलीलाही हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. गावच्या मुली या कामासाठी कोल्हापूरला जाऊन भलत्याच्या हाती सापडतात, कारण इथे कळेल याची भीती. तुझ्याकडे कळत नाही असा विश्वास बसला, तर तेवढ्यासाठीही तुझं गावी येणं सार्थकी लागेल. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याप्रमाणे भरायचे सोनोग्राफीचे फॉर्म ‘एफ’ मात्र स्वतः तपासून सही कर. ते काम दुसऱ्यावर सोडायचं नाही.

मारहाणीची भीती खोटी नाही. 2022 मध्ये राजस्थानात लालसोटला पीपीएचने एक बाळंतीण गेली, डॉक्टरवर खुनाचं कलम लावलं, आणि त्या डॉक्टर बाईने आपलं आयुष्य संपवलं. ती बातमी वाचून मी कितीतरी दिवस सुन्न होते. आपल्या राज्यात 2010 पासून हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, पण रात्री दोनला तो दारात उभा नसतो. तेव्हा उपयोगी पडतं ते आधी केलेलं बोलणं. नवव्या महिन्यात बाई, नवरा आणि सासू यांना एकदा समोर बसव आणि सांग, की शंभरात काही जणींना रक्त जास्त जातं, तसं झालं तर आम्ही हे हे करू, रक्त देणारी दोन माणसं तयार ठेवा. ज्या घराला आधी कल्पना असते ते घर त्या रात्री गाडी काढतं, रक्त द्यायला उभं राहतं. आणि काही वाईट घडलंच तर बाहेर जाऊन स्वतः सांग, सिस्टरला पाठवू नकोस. दुसरी डॉक्टर तुझ्या शेजारी उभी असेल तर ते सांगणं जमतं. ज्या दिवशी बाई जाईल, आणि या व्यवसायात तो दिवस येतो, त्या रात्री तुला एकटीला घरी सोडायचं नाही, हे तुम्ही तिघींनी आधीच ठरवून ठेवा.

नवी मुंबईच्या नोकरीबद्दल. तिथे आयसीयू, चांगली भूल, चांगली सोनोग्राफी शिकशील. पण त्याच 2019-21 च्या पाहणीत देशातल्या खाजगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत 14.3. पोटावर हात ठेवून, दहा मिनिटांत कळा किती येतात ते मोजत थांबायची सवय रेसिडेन्सीत तुझ्या अंगी लागलीय. जिथे थांबायला वेळच देत नाहीत तिथे ती जाते. ‘दोन वर्षं काढून मग गावी येते’ म्हणणाऱ्या मुली मी पाहिल्यात. फ्लॅटचे हप्ते आणि मुलाचा शाळाप्रवेश यांत त्यांचं येणं राहून जातं. तू सरकारी कॉलेजची आहेस, बाँडचं, म्हणजे सरकारी सेवेचं, वर्ष देणं आहेच. ते आपल्या जिल्ह्यात मागून घे : ओरोसला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कणकवलीला उपजिल्हा रुग्णालय. सरकारच्या पगारात, सरकारच्या छपराखाली एक पूर्ण पावसाळा काढ. वर्षाअखेरीस कुठला भूलतज्ज्ञ रात्री फोन उचलतो, कुठली सिस्टर भरवशाची, कुठली डॉक्टर तुझ्याबरोबर उभी राहील, हे सगळं कळलेलं असेल. कर्ज काढायचं की नाही ते तेव्हा ठरव.

‘तू ठरव’ म्हणणारा मुलगा चांगलाच असणार, पण ते उत्तर पुरत नाही. त्याने पनवेलहून ये-जा करायची की इकडे बदली घ्यायची, मूल झाल्यावर तुझ्या रात्रपाळीत त्याच्याजवळ कोण, हे लग्नाआधी दोघांनी कागदावर लिहून काढा. जुलैतले आठ दिवस त्याला देवगडला आणून ठेव. तू कणकवलीला ड्युटी कर, तो घरी बाबांबरोबर राहील. पाऊस, गेलेली लाइट, रात्री अकराला न आलेली तू, हे त्याला बघू दे. मग पुन्हा विचार.

बाँडसाठी जिल्हा मागायचा अर्ज कधी निघतो ते कॉलेजच्या ऑफिसात याच आठवड्यात विचारून ठेव, आणि पुढच्या सुट्टीत गावी गेलीस की घरी जायच्या आधी कणकवलीला उतर. उपजिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये सिस्टरांबरोबर एक रात्र बस, आणि रात्री रक्त लागलं तर ते कुठून, कोण, किती वेळात आणतं, हे त्यांनाच विचार. त्यांनी काय सांगितलं ते मला कळव.